सव्वा पैशाची आघाडी : डॉलरमधला जीडीपी वाचायचा कसा

मे 2025 मध्ये झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच बातमी फिरत होती : भारताने जपानला मागे टाकलं, आपण जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग यापलीकडे विषय जात नाही, तिथेही तिरंगे फडकले. बातमीचं मूळ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिल 2025 च्या अहवालात होतं. त्यातला 2025 सालच्या जीडीपीचा, म्हणजे देशात वर्षभरात तयार होणाऱ्या माल-सेवांच्या एकूण मोलाचा, अंदाज असा होता : भारत 4,187.017 अब्ज डॉलर, जपान 4,186.431 अब्ज डॉलर.

वजाबाकी करून बघा. फरक 0.586 अब्ज डॉलरचा. आता डॉलरचा दर 86 रुपये धरा. हा दर एका पैशाने हलला की भारताचा 4,187 अब्जांचा आकडा जवळपास 0.49 अब्जांनी हलतो. म्हणजे ही सगळी आघाडी सव्वा पैशाची. मुंबईच्या चलनबाजारात सकाळचा पहिला चहा संपेपर्यंत रुपया याहून जास्त वरखाली झालेला असतो. झालंही तसंच. ऑक्टोबर 2025 च्या अहवालात नाणेनिधीने त्याच वर्षासाठी भारताला साधारण 4.13 ट्रिलियन आणि जपानला 4.28 ट्रिलियन डॉलर दिले. आपण पुन्हा पाचवे. त्या सहा महिन्यांत आपले कारखाने बंद पडले नव्हते आणि जपानच्या कारखान्यांना काही नवी पालवी फुटली नव्हती. ग्रुपवर यावेळी कुणी काही टाकलं नाही.

असे आकडे वाचताना काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं, ते या लेखात आहे. अर्थशास्त्र येत नसलं तरी चालेल, भागाकार यायला हवा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

पहिली पायरी : लाख कोटी आणि ट्रिलियन यांची गाठ घाला

आपल्याकडे जीडीपी 'लाख कोटी रुपयांत' छापला जातो आणि परदेशी बातमीत 'ट्रिलियन डॉलरमध्ये'. नवख्या माणसाची पहिली दमछाक इथेच होते. खरं तर लाख कोटी आणि ट्रिलियन एकच : एकावर बारा शून्यं. अब्ज म्हणजे शंभर कोटी, आणि असे हजार अब्ज म्हणजे एक ट्रिलियन, म्हणजेच एक लाख कोटी.

त्यामुळे हिशेब फारच सोपा होतो. लाख कोटी रुपयांच्या आकड्याला डॉलरच्या दराने भागा, उत्तर थेट ट्रिलियन डॉलरमध्ये येतं. 2024-25 चा भारताचा जीडीपी, मे 2025 च्या हंगामी अंदाजानुसार, 330.68 लाख कोटी रुपये होता. त्या वर्षी डॉलरचा सरासरी दर साधारण साडेचौऱ्याऐंशी रुपये. 330.68 भागिले 84.5, उत्तर 3.91. भारत 3.9 ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था असल्याचं तुम्ही जे वाचलं, ते याच भागाकारातून आलेलं.

हा भागाकार एकदा स्वतःच्या हाताने करा. छापील आकड्याबद्दलची भीती निम्मी तिथेच जाते.

दुसरी पायरी : दर कोणता लावलाय ते बघा

जीडीपी म्हणजे वर्षभरात तयार झालेला माल आणि सेवा. म्हणून त्याला वर्षभराचा सरासरी दर लावायचा. आजचा दर लावून 'आज भारताचा जीडीपी इतका' असं सांगणाऱ्या पोस्ट सरळ सोडून द्या. कर्जाचं गणित वेगळं. बाकी कर्ज हा एका दिवसाचा आकडा असतो, 31 मार्चला किती शिल्लक होतं हा. त्याला त्या दिवसाचा दर लागतो. बाह्य कर्जाचं जीडीपीशी प्रमाण काढताना कुणी दोन्हीकडे एकच दर लावला, तर रुपया ज्या वर्षी घसरला त्या वर्षी उत्तर चुकतं.

रोजचा संदर्भदर 2018 पासून एफबीआयएल ही संस्था जाहीर करते, त्याआधी रिझर्व्ह बँक स्वतः करायची. वार्षिक सरासरी मात्र रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी हँडबुकात तयार मिळते, 365 दिवस बेरीज करत बसायला नको.

आणखी एक बारीक खोच. जीडीपी मोजायचं आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्या तक्त्यात जपान-जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. नाणेनिधीच्या तक्त्यात भारतापुढे '2025' लिहिलेलं असतं, ते 2025-26 असतं. म्हणजे आपल्या रकान्यात समोरच्यापेक्षा तीन महिने पुढचा काळ आलेला असतो. वेगाने वाढणाऱ्या देशाला याचा थोडा फायदा होतो. लबाडी कुणाचीच नाही, पण सव्वा पैशाच्या शर्यतीत तीन महिने फार मोठे.

तिसरी पायरी : आधी त्या देशाच्या स्वतःच्या चलनात बघा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताचा डॉलरमधला जीडीपी बघा : 2011 साली साधारण 1.82 ट्रिलियन, 2012 साली 1.83, 2013 साली 1.86. दोन वर्षांत जेमतेम दोन टक्के. नुसता हा तक्ता पाहणारा म्हणेल, भारत दोन वर्षं झोपला होता.

आता रुपयांत बघा. 2011-12 पायाभूत वर्षाच्या (ज्या वर्षाच्या किमती मोजणीचा पाया धरतात ते वर्ष) मालिकेनुसार 2011-12 चा जीडीपी 87.36 लाख कोटी, 2012-13 चा 99.44 लाख कोटी, 2013-14 चा 112.34 लाख कोटी. दोन वर्षांत 28 टक्क्यांहून जास्त वाढ. महागाई वगळून जी खरी वाढ उरते ती या दोन वर्षांत 5.5 आणि 6.4 टक्के. झोपलेल्या देशाचे हे आकडे नव्हेत.

मग ही वाढ गेली कुठे? डॉलरचा सरासरी दर 2011-12 मध्ये सुमारे 47.95 रुपये होता, 2012-13 मध्ये 54.45 आणि 2013-14 मध्ये साडेसाठ. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आवरती घेणार, असं मे 2013 मध्ये सूचित झालं आणि उगवत्या देशांतून पैसा भराभर निघाला. ऑगस्टच्या शेवटी रुपया 68 च्याही पार गेला होता. भागाकारात वरचा आकडा वाढला, खालचाही तितकाच वाढला, उत्तर जागच्या जागी राहिलं.

2011-12 ते 2012-13 या एका वर्षाचा हिशेब सुटा करून दाखवतो. रुपयांतला जीडीपी 13.8 टक्के वाढला. त्यात 5.5 टक्के खरी वाढ, बाकीची भाववाढ. आणि डॉलर महागला 13.6 टक्के. 1.138 भागिले 1.136 केलं की उरतं काय, तर शून्याच्या आगेमागे. तोंडी हिशेबासाठी सूत्र असं लक्षात ठेवा : डॉलरमधली वाढ म्हणजे ढोबळमानाने खरी वाढ, अधिक भाववाढ, वजा चलनाची घसरण. मोठ्या टक्क्यांना बेरीज-वजाबाकी थोडी चुकते, तिथे भागाकारच करा.

जपानचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. 2012 साली जपानचा जीडीपी साधारण 500 लाख कोटी येन होता आणि डॉलरला जेमतेम 80 येन पडत होते. भागाकार करा : सव्वासहा ट्रिलियन डॉलर. 2024 साली जीडीपी 609 लाख कोटी येनच्या आसपास, पण डॉलरला 151 येन. उत्तर चार ट्रिलियन. येनमध्ये एक पंचमांशाने मोठा झालेला देश डॉलरमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आटला. टोकियोत राहणाऱ्या माणसाला विचारलंत की तुझा देश बारा वर्षांत एवढा लहान झाला का, तर तो बुचकळ्यात पडेल.

फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनी जपानच्या पुढे जाऊन तिसरा झाल्याचे मथळे आले. 2023 मध्ये जपानची खरी वाढ 1.9 टक्के होती, आणि जर्मनीची अर्थव्यवस्था 0.3 टक्क्यांनी आकसली होती. जो आकसला तो वाढलेल्याच्या पुढे गेला. बातमी भाषांतरित करताना मी 'जर्मनीची आघाडी' असा मथळा दिला आणि खाली दुसऱ्या परिच्छेदात 'जर्मनीत मंदीचं सावट'. दोन्ही वाक्यं खरी होती. वरिष्ठांनी कागद पुढे ठेवून विचारलं, 'अहो, नक्की काय म्हणायचंय?' मला सांगता आलं नाही, आणि मी हा सगळा हिशेब शिकलो तो त्या दुपारी.

तेव्हा सवय अशी लावून घ्या : 'अमुक देश वाढला' किंवा 'घसरला' असं डॉलरमध्ये वाचलंत की त्याच वर्षाचा त्याच देशाच्या चलनातला स्थिर किमतीचा, म्हणजे महागाई वगळलेला, वाढदर शोधा. दोघांची दिशा एकच असेल तर पुढे वाचा. वेगळी असेल तर ती बातमी अर्थव्यवस्थेची कमी आणि चलनाची जास्त.

याच पायरीवरची उलटी घसरगुंडी

हे कळल्यावर माणसं दुसऱ्या टोकाला जातात. उदाहरण पाच ट्रिलियनचं. 2019 साली भारताची अर्थव्यवस्था पाच ट्रिलियन डॉलर करण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं तेव्हा डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता. 2024-25 च्या 330.68 लाख कोटींना सत्तरने भागलं तर 4.7 ट्रिलियन येतात. मग लोक म्हणतात, 'रुपया घसरला नसता तर आपण जवळजवळ पोचलोच होतो.'

ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब कच्चा आहे. त्या 330 लाख कोटींत सहा वर्षांची भाववाढ भरलेली आहे. तूरडाळ, भाडं, शाळेची फी सगळं महागलं, म्हणून रुपयांतला आकडा फुगला. ज्या देशात महागाई जास्त, त्याचं चलन दीर्घकाळात कमी महागाईच्या देशासमोर उतरत जातं. वरचा आकडा महागाईने फुगलेला घ्यायचा आणि खालचा दर जुनाच गोठवून ठेवायचा, म्हणजे एकाच पारड्यात दोनदा माप टाकणं झालं. जुना दर हवा तर जीडीपीही जुन्या किमतींचा घ्या.

उलट दिशेने डॉलरही गोठलेला नसतो. 2021 आणि 2022 मध्ये अमेरिकेत महागाई चांगलीच भडकली होती. म्हणजे 2019 चे पाच ट्रिलियन आणि आताचे पाच ट्रिलियन यांच्यात बाजाराची पिशवी सारखी भरत नाही. 2025 मध्ये तर डॉलर युरोसमोर उतरला आणि जवळपास शून्य वाढ असलेली जर्मनी नाणेनिधीच्या अंदाजात पाच ट्रिलियनला टेकली. मोजपट्टीच लांब-आखूड होत असते, हे डोक्यात असू द्या.

चौथी पायरी : जाहीर झालेला दर खरा आहे का?

सगळ्याच देशांत बँकेच्या काउंटरवरचा दर आणि रस्त्यावरचा दर एक नसतो. नायजेरियात वर्षानुवर्षं सरकारी दर एक आणि काळ्या बाजाराचा दर दुसरा होता. जून 2023 मध्ये तिथल्या नव्या सरकारने नायरा हे चलन बाजारावर मोकळं सोडलं. साधारण 460 नायरांना मिळणारा डॉलर काही दिवसांत साडेसातशेच्या घरात गेला आणि 2024 मध्ये पंधराशेच्या आसपास पोचला. 2022 साली 470 अब्ज डॉलरच्या वर असलेला नायजेरियाचा जीडीपी 2024 साठी नाणेनिधीने 190 अब्जांच्याही खाली धरला. या काळात तिथली खरी वाढ तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शून्याच्या वरच होती. लोकांचे हाल झाले ते महागाईने. पण देश साठ टक्के लहान झाला असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. जुना सरकारी दरच खोटा होता, त्यामुळे जुना डॉलरमधला आकडाही आधीपासूनच फुगलेला होता.

गंमत अशी की याच नायजेरियाने एप्रिल 2014 मध्ये पायाभूत वर्ष बदललं, मोबाइल सेवा आणि सिनेउद्योग नीट मोजले, आणि एका रात्रीत जीडीपी 89 टक्क्यांनी वाढून देश दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला होता. म्हणून अचानक उडी किंवा अचानक खड्डा दिसला की दोन प्रश्न विचारा : दर बदलला का, की मोजणी बदलली?

आपल्याकडेही असे दिवस येऊन गेलेत. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून थेट साडेसात रुपयांवर नेला गेला. जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. त्या वर्षीचा जागतिक बँकेचा तक्ता भारताला डॉलरमध्ये 320 अब्जांवरून 270 अब्जांवर आलेला दाखवतो, आणि रुपयांत, स्थिर किमतींना, त्याच वर्षी किंचित का होईना वाढ आहे.

पाचवी पायरी : कटिंगचा प्रश्न, म्हणजेच पीपीपी

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे केसांची साधी कटिंग 25 डॉलर, वर टिप वेगळी. कराडला तो आला की पहिल्या दिवशी सलूनमध्ये जाऊन बसतो : 120 रुपये, डोक्याची मालिश वरून. कात्री तीच, अर्धा तास तोच, डोकंही तेच. पण डॉलरचा दर 88 धरला तर कराडची कटिंग जीडीपीत 1.36 डॉलर म्हणून मोजली जाते आणि एडिसनची 25 डॉलर म्हणून. म्हणजे एडिसनच्या एका डोक्याची बरोबरी करायला कराडच्या सलूनवाल्याने अठरा डोकी भादरायची.

असं का होतं? मोबाइल, सोनं, कच्चं तेल जहाजाने इकडून तिकडे जातं, म्हणून त्याची किंमत जगभर साधारण एकाच पातळीवर राहते. कटिंग जहाजात भरता येत नाही. घरभाडं, शिकवणी, धुणीभांडी, रिक्षा, सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार, हे सगळं स्थानिक मजुरीवर ठरतं. गरीब देशात मजुरी कमी, म्हणून या सेवा स्वस्त. चलनाचा दर ठरतो तो व्यापाराने आणि भांडवलाच्या ये-जा करण्याने, सलूनच्या दरफलकाशी त्याला देणंघेणं नसतं. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1964 मध्ये, वेगवेगळ्या लेखांत, याचं नीट कारण मांडलं. म्हणून ते त्या दोघांच्या नावाने ओळखलं जातं.

यावर उपाय म्हणजे क्रयशक्ती समानता, रोजच्या बोलण्यात पीपीपी. कल्पना सोपी : दोन्ही देशांत सारख्याच वस्तूंची एक टोपली भरायची आणि किती रुपयांत भरली, किती डॉलरांत भरली, हे बघायचं. तेच गुणोत्तर दर म्हणून वापरायचं. हे काम करणारा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम 1968 साली सुरू झाला आणि 1970 च्या पहिल्या फेरीतल्या दहा देशांत भारत होता.

2017 च्या फेरीचे आकडे बघा. बाजारात डॉलर 65.12 रुपयांना होता. टोपलीच्या हिशेबाने मात्र एका डॉलरची खरेदी आपल्याकडे 20.65 रुपयांत होत होती. त्या दराने भारताचा जीडीपी 8,051 अब्ज डॉलर निघाला, जगाच्या 6.7 टक्के, तिसरा क्रमांक. पहिल्या दोघांत चीन 19,617 अब्जांवर आणि अमेरिका 19,519 अब्जांवर, म्हणजे चीन नाकभर पुढे. बाजारदराने मात्र तेव्हा अमेरिका कितीतरी पुढे होती.

हे डॉलर कुठल्या बँकेत मिळत नाहीत. त्यांना आंतरराष्ट्रीय डॉलर म्हणतात आणि ते फक्त तक्त्यात असतात. नोट नाही, नाणं नाही.

आणि टोपली भरणं वाटतं तितकं सरळ नाही. आपल्याकडे कोलम किंवा इंद्रायणी खातात, तिकडे वेगळाच तांदूळ. 'सारखी वस्तू' म्हणायची कशाला? एका इंग्रजी साप्ताहिकाने 1986 मध्ये गमतीने बर्गरवरून चलनं मोजायला सुरुवात केली, तो बिग मॅक निर्देशांक. भारतात मॅकडोनाल्ड्समध्ये गोमांसाचा हा बर्गर मिळत नाही, म्हणून कोंबडीचा महाराजा मॅक धरावा लागला. एका बर्गरची ही कथा, तर हजारो वस्तूंचं काय होत असेल. 2005 च्या फेरीत चीन पहिल्यांदाच सामील झाला आणि भारत 1985 नंतर परत आला. निकाल डिसेंबर 2007 मध्ये लागले आणि दोन्ही देशांचे पीपीपी आकडे आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी खाली आले. चीनमध्ये भाव मुख्यतः अकरा शहरांच्या परिसरात गोळा केले होते, खेड्यातली स्वस्ताई त्यात पुरेशी उतरली नाही, असा आक्षेप नंतर घेतला गेला. म्हणजे बाजारदर रोज हलतो म्हणून त्याच्यावर रागावून पीपीपीकडे गेलात, तरी तिथेही जमीन पूर्ण पक्की नाही. ती काही वर्षांनी एकदम हलते, एवढाच फरक.

सहावी पायरी : कशासाठी मोजताय ते ठरवा

मला स्वतःला 'भारत खरोखर चौथा-पाचवा की तिसरा' या वादात रस उरलेला नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न कामाचा आहे.

बाहेरून काही विकत घ्यायचं असेल तर बाजारदर. कच्च्या तेलाचं बिल, लढाऊ विमानं, परदेशी कर्जाचा हप्ता, मुलीची लंडनमधली फी : यांतलं काहीही आंतरराष्ट्रीय डॉलरमध्ये भरता येत नाही. तेल विकणारा 'तुमची कटिंग स्वस्त आहे' म्हणून सूट देत नाही. जागतिक व्यापारात आणि कर्जबाजारात देशाचं वजन किती, हेही बाजारदरानेच कळतं.

माणसं कशी जगतात हे बघायचं असेल तर पीपीपी, आणि तेही दरडोई. भारताचं दरडोई उत्पन्न बाजारदराने 2024 मध्ये साधारण 2,700 डॉलर, पीपीपीने 11 हजार डॉलरच्या आसपास. पहिला आकडा आपल्याला आहोत त्यापेक्षा गरीब दाखवतो, कारण इथे 2,700 डॉलरच्या रुपयांत तिथल्यापेक्षा बरंच काही येतं. पण देशाचा एकूण पीपीपी आकडा घेऊन 'आपण तिसरी महासत्ता' म्हणणाऱ्याला हा दरडोई आकडा जरूर विचारा. 140 कोटींनी भागल्यावर क्रमांक पार खाली जातो.

वाढीचा वेग बघायचा असेल तर दोन्ही सोडा. स्वतःच्या चलनात, स्थिर किमतींना.

आणि दर खूप हेलकावत असेल तर अनेक वर्षांची सरासरी. जागतिक बँक देशांना अल्प उत्पन्न, निम्न-मध्यम उत्पन्न अशा गटांत घालते तेव्हा ती याच कारणाने तीन वर्षांच्या दरांची सरासरी काढते आणि महागाईचा फरकही धरते. एका वर्षी चलन घसरलं म्हणून देशाचा गट बदलू नये, एवढाच हेतू.

सातवी पायरी : तक्ता उघडल्यावर रकान्याचं नाव वाचा

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर जीडीपी शोधलात की सारख्याच दिसणाऱ्या पाच-सहा नोंदी येतात. 'करंट यूएस डॉलर' म्हणजे त्या-त्या वर्षीच्या किमती, त्या-त्या वर्षीचा दर. मथळे याच्यावर बनतात. 'करंट एलसीयू' म्हणजे स्थानिक चलन, आपल्यासाठी रुपये. 'पीपीपी, करंट इंटरनॅशनल डॉलर' म्हणजे टोपलीचा दर.

फसवणारी नोंद 'कॉन्स्टंट 2015 यूएस डॉलर' ही. नाव डॉलरचं असलं तरी यात दर 2015 चा गोठवलेला असतो, म्हणून वाढीचा वेग स्थानिक चलनासारखाच निघतो. वेग बघायला उत्तम. पण दोन देशांची उंची यावरून मोजू नका, कारण 2015 साली ज्याचं चलन योगायोगाने महाग होतं तो यात कायमचा उंच दिसत राहतो.

आलेखाचा स्क्रीनशॉट पुढे ढकलण्याआधी त्यावर यातलं कोणतं नाव लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर ढकलू नका.

सरावासाठी : महाराष्ट्राचं एक ट्रिलियन

शेवटी घरचं गणित. फेब्रुवारी 2018 मध्ये मॅग्नेटिक महाराष्ट्र या गुंतवणूक परिषदेत 2025 पर्यंत राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलर करण्याचं लक्ष्य मांडलं गेलं. तेव्हा डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता. पहिल्या पायरीवरची युक्ती आठवा : एक ट्रिलियन डॉलर म्हणजे दर जितका, तितके लाख कोटी रुपये. म्हणजे त्या दिवशी लक्ष्य होतं 65 लाख कोटी.

राज्याच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणीत स्थूल राज्य उत्पन्न (राज्याचा जीडीपी) चालू किमतींना, म्हणजे महागाई धरून, 45.31 लाख कोटी रुपये अपेक्षित धरलं होतं. 84.5 ने भागा : 0.54 ट्रिलियन. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. नव्वदच्या दराने तेच लक्ष्य 90 लाख कोटींचं होतं. मैलाचा दगड जागचा उठून 25 लाख कोटी पुढे गेला, आणि 25 लाख कोटी म्हणजे राज्याच्या त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त.

आता तिसऱ्या पायरीवरची ताकीद लावून हेच गणित पुन्हा करा. या 45 लाख कोटींत 2018 पासूनची भाववाढ किती आणि खरी वाढ किती? पाहणीच्या सुरुवातीच्या तक्त्यांत चालू किमती आणि स्थिर किमती असे दोन्ही आकडे मिळतात. ते समोर ठेवून भागाकार करा. पुढच्या मार्चमध्ये नवी पाहणी विधिमंडळात मांडली जाईल, तेव्हा तुमचा कागद जुळवून बघता येईल.